नवीन शाळेतली नोकरी आणि कॉन्ट्रॅक्टमधला न जुळणारा पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदाहरणांमधले आकडे कुठल्याही चलनातले समजा, हिशोबाची पद्धत कळली म्हणजे झालं. कायद्याच्या गोष्टी जिथे आल्यात तिथे देशाचं नाव दिलंय, तुमच्याकडे नियम वेगळा असू शकतो हे धरून चाला.

ऑफर लेटरमध्ये एक आकडा होता, कॉन्ट्रॅक्टमध्ये दुसराच आलाय. सगळ्यात आधी काय करू?

सही थांबवा. बाकीचं सगळं त्यानंतर. मग जे जे कागद आहेत ते एका फोल्डरमध्ये घ्या: जाहिरात, ऑफर लेटर, कॉन्ट्रॅक्ट, मुलाखतीनंतरचे मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर शाळेकडून काही आलं असेल तर ते पण. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिले काढा कारण जागा भरली की वेबसाइटवरून जाहिरात गायब होते आणि मग तुमच्याकडे फक्त "मला आठवतंय की तिथे असं लिहिलं होतं" एवढंच उरतं.

आता दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा की ते एकाच गोष्टीचे आहेत का. बऱ्याचदा घोडं इथेच पेंड खातं. एक आकडा वर्षाचा आणि पूर्णवेळचा असतो, दुसरा तुमच्या तासांप्रमाणे कमी केलेला असतो, किंवा एक ग्रॉस आणि दुसरा हातात येणारा, किंवा एकात भत्ते धरलेत आणि दुसऱ्यात फक्त बेसिक. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात आणि आपण उगाच रात्रभर जागतो. पण खरंच चूक आहे असंही होतं, आणि मुद्दाम कमी लिहिलंय असंही होतं, म्हणून शाळेला विचारायचा प्रश्न "पगार कमी का दिला" हा नाही, "हा आकडा कसा काढला ते मला हिशोबासकट सांगाल का" हा आहे. या प्रश्नाचं उत्तर द्यायला समोरच्याला कागद उघडावा लागतो. चूक असेल तर ती त्यालाच दिसते, आणि लपवाछपवी असेल तर उत्तर गोल गोल यायला लागतं, म्हणजे तेही तुम्हाला कळतं.

ग्रॉस, नेट, सीटीसी, बेसिक... यातलं कुठलं धरायचं?

कॉन्ट्रॅक्टमध्ये जे लिहिलेलं असतं ते साधारणपणे ग्रॉस, म्हणजे टॅक्स आणि बाकी कपात व्हायच्या आधीचं. हातात येणारा पगार कॉन्ट्रॅक्टमध्ये सहसा कोणी लिहून देत नाही कारण टॅक्स प्रत्येकाचा वेगळा. सीटीसी (कॉस्ट टू कंपनी, म्हणजे तुमच्यावर होणारा शाळेचा एकूण खर्च) हा यातला सगळ्यात फसवा आकडा, त्यात शाळेने तुमच्या पीएफमध्ये किंवा पेन्शनमध्ये भरायचा तिचा हिस्सा, विमा, ग्रॅच्युइटीची तरतूद असं सगळं मोजलेलं असतं, म्हणजे जे पैसे तुमच्या खात्यात दर महिन्याला येणारच नाहीत ते पण "तुमचा पगार" म्हणून सांगितलेले असतात. मुलाखतीत कोणी सीटीसी सांगितला आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये ग्रॉस आला तर फरक दिसणारच. बेसिक वेगळं विचारून घ्या कारण पीएफ, सुट्ट्यांचे पैसे, पुढची वाढ हे पुष्कळ ठिकाणी बेसिकवर चालतं, आणि एकूण रक्कम तीच ठेवून बेसिक छोटं करायची युक्ती काही आजची नाही.

जाहिरातीत पगाराची रेंज होती. मला एकदम खालचा आकडा दिलाय. हे चालतं का?

रेंज दिली म्हणजे वरचा आकडा कबूल केला असं होत नाही, हे कडू आहे पण खरं आहे. जाहिरातीतला आकडा म्हणजे बोलणी सुरू करायचं निमंत्रण, करार नाही, असंच बहुतेक ठिकाणी धरतात. पण रेंजच्याही खाली दिलं असेल तर नक्की विचारा, आणि रेंजमध्ये तुम्हाला कुठल्या पायरीवर आणि कशामुळे ठेवलं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक गंमत होते ती स्केल बदलण्याची. इंग्लंडमध्ये शिक्षकांचे नवीन पगार १ सप्टेंबरपासून लागू धरतात पण प्रत्यक्ष मंजुरी आणि हिशोब व्हायला उशीर होतो, मग फरक मागाहून मिळतो. अशा वेळी उन्हाळ्यात आलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये जुन्या स्केलचा आकडा असतो आणि आपण नेटवर नवीन स्केल बघून डोकं धरून बसतो. म्हणून विचारताना "हा आकडा कुठल्या वर्षाच्या स्केलप्रमाणे आहे" हेही विचारून टाका, एका वाक्यात काम होतं.

पार्ट टाइम आहे. ०.६ म्हणाले होते, पण महिन्याचा पगार ०.६ च्या हिशोबाने येत नाहीये.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथे खरंच चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

समजा पूर्णवेळचा पगार वर्षाला ६,००,०००. महिन्याला ५०,०००. तुम्हाला ०.६, म्हणजे पूर्णवेळच्या ६० टक्के, दिलं तर वर्षाला ३,६०,००० आणि महिन्याला ३०,००० यायला पाहिजेत. कॉन्ट्रॅक्टमध्ये २५,००० लिहिलंय. पाच हजार कुठे गेले?

आता तासांकडे बघा. तुम्ही आठवड्याला १५ तासिका घेणार. शाळेतला पूर्णवेळ शिक्षक प्रत्यक्ष वर्गात २५ तासिका शिकवतो, म्हणून १५ भागिले २५, झालं ०.६. मुख्याध्यापकांनी मुलाखतीत हाच हिशोब मनात धरला. पण अकाउंट्समधल्या माणसाने शाळेच्या आठवड्याच्या सगळ्या ३० तासिका धरल्या, १५ भागिले ३०, झालं ०.५, आणि ०.५ चे महिन्याला २५,०००. म्हणजे पूर्णवेळ शिक्षकाला पाठ तयार करायला आणि वह्या तपासायला ज्या ५ मोकळ्या तासिका मिळतात त्या त्याच्या पगारात आहेत, पण तुमच्या वाट्याच्या ३ मोकळ्या तासिका कोणी मोजल्याच नाहीत. तुम्ही १५ तासिका शिकवताय म्हणजे खरं तर १८ तासिकांचा पगार पाहिजे, आणि १८ भागिले ३० म्हणजे परत ०.६ च येतं बघा.

इंग्लंडमध्ये सरकारी शाळांसाठी हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पार्ट टाइम शिक्षकाचा पगार शाळेच्या वेळापत्रकातल्या शिकवण्याच्या आठवड्याच्या प्रमाणात काढायचा आणि शिकवायच्या वेळेच्या निदान १० टक्के वेळ तयारीसाठी द्यायचा, तो पण त्या हिशोबात धरून. तिथे पूर्णवेळ म्हणजे वर्षाला १९५ दिवस आणि १,२६५ तास असा आकडाच ठरलेला आहे, त्यामुळे वाद घालायला निदान काहीतरी ठोस हातात असतं. जिथे असा नियम नाही तिथे शाळेला विचारायचं की तुमच्याकडे पूर्णवेळ म्हणजे किती तासिका, त्यात मोकळ्या तासिका, स्टाफ मीटिंग, पालकसभा धरल्यात का. आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्यांनी मीटिंग कुठल्या वारी असते ते नक्की बघा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी फुकट हजेरी लागते.

वर्षाचा पगार बरोबर आहे पण महिन्याचा कमी दिसतोय. असं कसं?

भागाकार. ४,८०,००० ला १२ ने भागलं तर ४०,०००, १० ने भागलं तर ४८,०००. काही शाळा शिकवण्याचे महिने तेवढेच पगाराचे धरतात, काही वर्षभर पसरवून देतात. अमेरिकेतल्या बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) कॉन्ट्रॅक्ट साधारण दहा महिन्यांचं असतं आणि पगार दहा महिन्यांत घ्यायचा की बारा महिन्यांत ते शिक्षकाला निवडता येतं. दोन्हीत एकूण पैसे सारखेच, फक्त बाराचं निवडलं तर सुट्टीतही खात्यात काहीतरी पडत राहतं.

पण इथे एक खरा धोका आहे तो वेगळा. कॉन्ट्रॅक्टमध्ये फक्त "दरमहा ४०,०००" असं लिहिलंय आणि किती महिने ते लिहिलंच नाही, तर सुट्टीचा पगार मिळणार की नाही हा प्रश्न उन्हाळ्यात उभा राहतो, जेव्हा विचारायला ऑफिसमध्ये कोणी नसतं. वर्षाची रक्कम, किती हप्ते आणि सुट्टीत पगार आहे का, या तिन्ही गोष्टी कागदावर असल्याच पाहिजेत.

महिन्याच्या मधेच जॉइन होतोय. पहिल्या महिन्याचे पैसे मी काढले त्यापेक्षा थोडे वेगळे आलेत.

थोडे असतील तर पद्धतीचा फरक असेल. वरचंच उदाहरण घ्या, ४०,००० महिना आणि १२ ऑगस्टला जॉइन, म्हणजे शेवटचे २० दिवस. महिन्याच्या ३१ दिवसांवर काढलं तर साधारण २५,८०६ येतात. वर्षाच्या ३६५ दिवसांवर काढलं तर २६,३०१. कामाच्या दिवसांवर काढलं तर तिसराच आकडा. तिन्ही पद्धती चालतात, फक्त कुठली वापरली ते विचारा आणि सोडतानाही तीच वापरणार ना हे बघून ठेवा. दोन्ही वेळेला शाळेला फायद्याची तेवढीच पद्धत निवडली जात असेल तर मग बोला.

जॉइनिंगची तारीख मात्र नीट बघा. ट्रेनिंगचा किंवा शाळेच्या तयारीचा आठवडा कॉन्ट्रॅक्टच्या तारखेच्या आधी पडतोय आणि तुम्हाला यायला सांगितलंय, तर त्या दिवसांचे पैसे कोण देणार? हे आधी विचारायचं.

माझा आधीचा अनुभव धरलाच नाही, फ्रेशरच्या पायरीवर ठेवलंय.

हे फार मोठं प्रकरण आहे कारण इथली चूक एका महिन्याची नसते. पुढची प्रत्येक वाढ त्या पायरीवरून मोजली जाते, म्हणजे नोकरी असेपर्यंत तुम्ही मागेच.

अमेरिकेत बहुतेक सरकारी शाळांमध्ये पगाराचा तक्ता असतो, उभ्या बाजूला अनुभवाची वर्षं आणि आडव्या बाजूला डिग्री, त्याला स्टेप आणि लेन म्हणतात. ही पद्धत १९२१ मध्ये डेन्व्हर आणि डे मॉइन या शहरांनी पहिल्यांदा आणली, त्याआधी प्राथमिकच्या शिक्षकांना, आणि त्यात बहुतेक बायकाच, माध्यमिकच्या शिक्षकांपेक्षा कमी पगार असायचा. तक्ता असला की फायदा हा की तुम्ही बोट ठेवून विचारू शकता की मी या चौकोनात का आणि त्या चौकोनात का नाही. तरी बाहेरच्या शाळेतली किती वर्षं मोजायची यावर बऱ्याच डिस्ट्रिक्टची मर्यादा असते, ती त्यांच्या पॉलिसीत सापडते. इंग्लंडमध्ये उलटं झालं, २०१३ पासून नवीन शाळेने जुन्या शाळेतला पगार तसाच चालू ठेवायचं बंधन काढून टाकलं, त्यामुळे तिथे "आधी मी एवढ्यावर होतो" हे आपोआप चालत नाही, जॉइन व्हायच्या आधी ठरवून घ्यावं लागतं.

बऱ्याचदा मात्र कारण अगदी साधं असतं, तुमचं सर्व्हिस सर्टिफिकेट ऑफिसला मिळालेलंच नसतं आणि कागद नाही म्हणून सिस्टीमने शून्य वर्षं धरलेली असतात. आधीच्या प्रत्येक शाळेचं पत्र घ्या, त्यात कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, कुठला विषय, कुठल्या इयत्ता हे सगळं पाहिजे, नुसतं "यांनी आमच्याकडे उत्तम काम केले" याचा उपयोग नाही. परदेशातली डिग्री असेल तर समकक्षतेचं सर्टिफिकेट लागतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून आत्ताच विचारा: कागद उशिरा दिले तर पायरी पहिल्या दिवसापासून बदलणार की कागद दिल्याच्या तारखेपासून? आणि कागद द्यायची शेवटची तारीख कुठली? उत्तर मेलवर घ्या.

मुलाखतीत तोंडी जास्त सांगितलं होतं. लेखी काहीच नाही.

बोलाचीच कढी बोलाचाच भात, असं व्हायची भीती आहे खरी. तोंडी कबुलीलाही बऱ्याच कायद्यांत किंमत असते पण ती सिद्ध कशी करणार हा प्रश्न राहतो. आणि कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी एक कलम असतं की "हा करार म्हणजे उभय पक्षांतील संपूर्ण करार असून पूर्वीच्या सर्व चर्चा रद्द समजाव्यात", ते असेल आणि तुम्ही सही केली तर मुलाखतीतलं बोलणं तुमच्याच सहीने पुसलं गेलं.

अजून सही झाली नसेल तर आजच एक मेल टाका की अमुक तारखेच्या मुलाखतीत आपलं असं बोलणं झालं होतं, कॉन्ट्रॅक्टमध्ये वेगळा आकडा दिसतोय, कृपया खुलासा करावा. समोरून "हो, झालं होतं बोलणं, बघतो" असं जरी उत्तर आलं तरी ते लेखी झालं. "असं काही बोललोच नव्हतो" आलं, तर तुम्हाला ती माणसं कशी आहेत ते जॉइन व्हायच्या आधी कळलं.

विचारायचं कोणाला? मुख्याध्यापकांना, एचआरला की अकाउंट्सला?

ज्याने कॉन्ट्रॅक्ट पाठवलं त्याला, आणि ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना सीसीमध्ये. नुसतं मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणतात ऑफिसला विचारा, ऑफिस म्हणतं आम्हाला वरून जसं आलं तसं टाइप केलं, ट्रस्टी किंवा बोर्ड तर भेटतच नाही. दोघं एका मेलवर असले की हा टोलवाटोलवीचा खेळ बंद होतो. फोनवर बोलायला हरकत नाही, काही लोक फोनवर जास्त मोकळं सांगतात, पण फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा मेल करायचा: "आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे तुम्ही सुधारित प्रत शुक्रवारपर्यंत पाठवणार आहात, धन्यवाद."

एजन्सीमार्फत लागला असाल तर कॉन्ट्रॅक्ट शाळेशी आहे की एजन्सीशी ते पहिले बघा, नाहीतर चुकीच्या दारात उभे राहाल.

मेल कसा लिहू? मला भांडखोर वाटायचं नाहीये.

छोटा लिहा. माफी मागू नका आणि धमकीही देऊ नका. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका, म्हणजे तीन पॅरा शाळेचं कौतुक आणि शेवटच्या ओळीत कुठेतरी पगार, असं नको, वाचणाऱ्याला कळतच नाही की मेल कशाबद्दल आहे. साधारण असा चालेल, भाषा तुमच्या शाळेच्या ऑफिसची जी असेल ती वापरा:

*विषय: नियुक्तीचा करार, वेतनाच्या आकड्याबाबत खुलासा*

*नमस्कार मॅडम,*

*कराराची प्रत मिळाली, धन्यवाद. सही करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यायची आहे. अमुक तारखेच्या ऑफर लेटरमध्ये वार्षिक वेतन ३,६०,००० आहे. कराराच्या कलम ४ मध्ये ते ३,००,००० दिसते आहे. हा आकडा पूर्णवेळ वेतनाच्या किती प्रमाणात आणि किती तासिका धरून काढला आहे, ते कृपया कळवावे. टायपिंगची चूक असल्यास सुधारित प्रत पाठवावी, म्हणजे मी लगेच सही करून देईन. दोन्ही पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.*

*शाळेत रुजू होण्यास मी उत्सुक आहे.*

यात बघा, दोन आकडे, दोन्हीची जागा, एक प्रश्न आणि पुढे काय करायचं ते. "मला वाटतं", "कदाचित माझा गैरसमज असेल पण", "मला पैशाचं तसं काही नाही" असलं काही नाही. पैशासाठीच नोकरी करतो आपण, त्यात लाजायचं काय.

विचारलं म्हणून ऑफरच काढून घेतली तर?

भीती समजते. कायद्याने बघायला गेलं तर काही ठिकाणी सही व्हायच्या आधी ऑफर मागे घेता येते, त्यामुळे होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण शाळेच्या जागी बसून विचार करा. परत जाहिरात, परत अर्ज, परत डेमो लेसन, तोपर्यंत त्या वर्गाला शिक्षक नाही आणि पालकांचे फोन सुरू. एका सभ्य मेलसाठी एवढं कोण ओढवून घेईल? हिशोब विचारणं आणि जास्त पगार मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही फक्त पहिली करताय हे मेलमधून दिसलं पाहिजे. दोन्ही एकाच मेलमध्ये घालू नका. आधी ठरलेलं ते कागदावर येऊ दे, वाढवून मागायचं असेल तर ते वेगळं बोलणं.

नुसत्या खुलाशाच्या मेलवर जी शाळा भडकते तिथे पुढे जादा तासिका, रजा, पीएफ यातलं काहीही विचारायची चोरी होणार, हे माझं स्पष्ट मत.

"टायपो आहे, तुम्ही सही करा, पगार बरोबरच येईल" असं म्हणतात.

टायपो असेल तर दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात. सुधारित प्रत मागा. फारच घाई असेल तर चुकीचा आकडा खोडून बरोबर आकडा लिहून दोन्ही बाजूंची त्या जागी सही आणि तारीख, किंवा एक पानाची पुरवणी, त्यात कुठलं कलम बदललं ते स्पष्ट. नुसत्या तुमच्या एकट्याच्या खाडाखोडीला अर्थ नाही. हा बदल निदान मेलवर तरी लिहून घेतल्याशिवाय सही नको, कारण आज ज्या मॅडम शब्द देतायत त्या पुढच्या वर्षी असतीलच असं नाही आणि नवीन आलेला माणूस कागद बघतो.

सही करून बसलोय, आता लक्षात आलं.

लगेच लेखी कळवा. इथे उशीर महागात पडतो. बऱ्याच ठिकाणी असं मानलं जातं की तुम्ही काही न बोलता कमी पगार घेत काम करत राहिलात म्हणजे तो तुम्हाला मान्य होता. म्हणून "हा आकडा मला मान्य नाही, ऑफरप्रमाणे दुरुस्ती व्हावी, तोपर्यंत मी काम सुरू ठेवत आहे" एवढं तरी नोंदवून ठेवा. ऑफर लेटर आणि कॉन्ट्रॅक्ट यांच्यात सरळ टायपिंगची चूक दिसत असेल तर सही झाल्यावरही ती दुरुस्त होऊ शकते. पण ऑफरमध्ये आकडाच नव्हता आणि तुम्ही कॉन्ट्रॅक्ट न वाचता सही केली, तर मग मुख्यतः शाळेच्या चांगुलपणावर आहे.

उलट झालंय. कॉन्ट्रॅक्टमध्ये चुकून जास्त आकडा पडलाय. गप्प बसू?

मोह होतो. पण बहुतेक देशांत चुकून जास्त दिलेला पगार परत वसूल करता येतो, आणि तो कळतो तेव्हा वर्ष उलटून गेलेलं असतं, पैसे खर्च झालेले असतात आणि मग दर महिन्याला कापायला लागतात. शिवाय तुम्हाला चूक दिसत होती आणि तुम्ही बोलला नाहीत, हे पुढे तुमच्याच विरुद्ध जातं. तोच मेल पाठवा, आकडा कसा काढला ते विचारा. काय माहीत, खरंच तेवढा असेल, आणि मग तो लेखी पक्का झाला.

कॉन्ट्रॅक्ट बरोबर आहे, पण पहिल्या महिन्याच्या पे स्लिपमध्ये कमी आलंय.

मग तो कॉन्ट्रॅक्टचा नाही, पेरोलचा प्रश्न आहे. स्लिपवर ग्रॉस बघा. ग्रॉस बरोबर असेल तर कपाती एकेक करून वाचा. ब्रिटनमध्ये नवीन नोकरीत आधीच्या नोकरीचा पी४५ फॉर्म (नोकरी सोडताना मिळणारा पगार आणि टॅक्सचा दाखला) दिला नाही तर तात्पुरता इमर्जन्सी टॅक्स कोड लागतो आणि टॅक्स जास्त कापला जाऊ शकतो, कोड दुरुस्त झाला की जास्तीचा परत येतो, अशा गोष्टी घाबरायच्या नसतात.

स्लिपमध्ये "इतर कपात" किंवा "डिपॉझिट" असं काही असेल तर मात्र लगेच विचारा. पगाराच्या संरक्षणाबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४९ चा करार आहे, क्रमांक ९५, त्यात म्हटलंय की देशाच्या कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने परवानगी दिली असेल तेवढीच कपात करता येते, आणि पगाराच्या अटी कामावर घ्यायच्या आधी कामगाराला समजतील अशा सांगायच्या. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही पण तत्त्व म्हणून पुष्कळ ठिकाणच्या कायद्यात ते दिसतं.

प्रोबेशनमध्ये पगार कमी असतो म्हणे. कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं काहीच नाही.

लिहिलं नसेल तर मागाहून लावता येऊ नये. लिहिलं असेल तर प्रोबेशन कधी संपणार, संपल्यावर कितीवर जाणार आणि ते आपोआप होणार की पत्र मिळाल्यावर, हे बघा. प्रोबेशन "वाढवण्यात येऊ शकते" असं कलम असेल तर कमी पगारही तेवढा वाढतो, आणि मग ते भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडून राहतं. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ५ ऑक्टोबर १९६६ ला शिक्षकांच्या दर्जाबद्दल शिफारशी मंजूर केल्या, त्याच तारखेला आता जागतिक शिक्षक दिन असतो, त्यात प्रोबेशनमधली किंवा तात्पुरती सेवा पगारवाढीसाठी धरावी असं म्हटलंय, आणि स्केलच्या तळापासून वरपर्यंत पोचायला १० ते १५ वर्षांपेक्षा जास्त लागू नयेत असंही. शिफारस आहे, बंधन नाही. पण शाळेशी बोलताना "असं कुठेच नसतं" याला उत्तर म्हणून उपयोगी पडते.

भत्ते सांगितले होते ते कॉन्ट्रॅक्टमध्ये दिसत नाहीत.

परिशिष्ट वाचलं का? पुष्कळदा मुख्य कलमात "वेतन परिशिष्ट अ नुसार" एवढंच असतं आणि परिशिष्ट जोडायचंच राहून जातं. ते मागवा, त्याशिवाय सही म्हणजे कोऱ्या कागदावर सही. वर्गशिक्षक, विभागप्रमुख, परीक्षा, वसतिगृह यांचे भत्ते कायमचे आहेत की ती जबाबदारी असेपर्यंतच, हे पण विचारा. परदेशातल्या शाळेत घरभाडं पगारात धरलंय की वेगळं, आणि पगार कुठल्या चलनात ठरलाय आणि कुठल्या चलनात मिळणार. "टॅक्स फ्री" म्हटलं असेल तर तो टॅक्स शाळा भरणार आहे की मुळात तिथे टॅक्सच नाही, की तुम्ही स्वतः बघून घ्यायचं आहे, तिन्हीचा अर्थ फार वेगळा होतो.

माझ्याबरोबर लागलेल्या दुसऱ्या शिक्षकाला जास्त दिलाय. हे दाखवून विचारू का?

त्याचं नाव घेऊन नको, त्याला अडचण होते. तुमच्या पायरीचा हिशोब मागा, फरक असेल तर आपोआप वर येईल. "पगार कोणाला सांगू नये" असं कलम बघून घाबरू नका, अमेरिकेत खाजगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना पगाराबद्दल आपसात बोलायचा हक्क १९३५ च्या कामगार कायद्यानेच आहे, आणि ब्रिटनमध्ये भेदभाव होतोय का हे समजून घेण्यासाठी बोललात तर २०१० च्या समानता कायद्यामुळे असलं कलम तुमच्यावर लागू करता येत नाही. फरक बाई-पुरुष असण्यामुळे वाटत असेल तर एकट्याने लढू नका, संघटनेकडे जा.

मेल केला, उत्तरच नाही.

कामाचे तीन-चार दिवस द्या, मग त्याच मेलवर परत आठवण, यावेळी एक तारीख घालून: "अमुक तारखेपर्यंत कळवलंत तर बरं होईल कारण मला सध्याच्या शाळेत राजीनामा द्यायचा आहे." तरीही शांतता असेल तर फोन, मग स्वतः जाऊन. युरोपियन युनियनमध्ये पगारासकट कामाच्या मुख्य अटी काम सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी द्याव्या लागतात, ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२० पासून तर पहिल्याच दिवशी, त्यामुळे तिथे "देऊ नंतर सावकाश" चालत नाही. शिक्षक संघटनेचे सदस्य असाल तर कॉन्ट्रॅक्ट तपासायला त्यांना पाठवा, काही संघटना सही करायच्या आधीच वाचून देतात आणि त्यांनी त्याच शाळेची आधीची कॉन्ट्रॅक्टं पाहिलेली असतात.

आत्ताच्या शाळेत राजीनामा कधी देऊ?

पगाराचा आकडा दुरुस्त होऊन दोन्ही बाजूंची सही झालेली प्रत हातात आल्यावर. नोटीसची मुदत जवळ आली असेल तर नवीन शाळेला तसं सरळ सांगा. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत राजीनाम्याच्या तारखा ठरलेल्या असतात, उन्हाळ्याच्या शेवटी सोडायचं तर साधारणपणे ३१ मेपर्यंत द्यावा लागतो, आणि ऑफिसवाल्यांना ही तारीख माहीत असते, त्यामुळे ती मेलमध्ये लिहिली की उत्तर जरा लवकर येतं. तारीख उलटून जातेय आणि तिकडून फक्त "काळजी करू नका" एवढंच येतंय, तर मी राजीनामा दिला नसता.